खुर्च्या होत्या, जागा नव्हती: विद्यापीठ ग्रंथालयातल्या एका दालनाची फेररचना

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका मध्यम आकाराच्या विद्यापीठाच्या मध्यवर्ती ग्रंथालयाचं आहे. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत आणि हिशेब सोपा जावा म्हणून आकडे गोल केले आहेत.

इमारत तीन मजली. तळमजल्यावर देवघेव, संदर्भ विभाग आणि मागच्या खोलीत नियतकालिकांचे बांधीव खंड. पहिल्या मजल्यावर मुख्य दालन. दुसऱ्या मजल्यावर शांत अभ्यासिका. बदल प्रामुख्याने पहिल्या मजल्यावर झाला, पण त्याची सोय तळमजल्यावर लावावी लागली.

मुख्य दालन ३६ मीटर लांब, १८ मीटर रुंद, छत ४.५ मीटरवर. निम्म्या भागात २०० दुहेरी रॅक होते: प्रत्येकाची रुंदी ९० सेंटिमीटर, दोन्ही बाजूंना सहा-सहा फळ्या. म्हणजे एकूण २,१६० मीटर फळी आणि त्यावर जवळपास ५८ हजार पुस्तकं. फळ्या ९० टक्के भरलेल्या. इतक्या भरलेल्या फळीवर एक नवं पुस्तक लावायचं तर शेजारच्या चार-पाच फळ्या सरकवाव्या लागतात. कंटाळून कर्मचारी पुस्तक आडवं ठेवतात आणि बोधांकाचा (कण्यावरच्या विषयवार क्रमांकाचा) क्रम हळूहळू मोडतो. दालनाच्या दुसऱ्या निम्म्या भागात चौघांची ३५ टेबलं, म्हणजे १४० खुर्च्या.

अडचण नेमकी काय होती

तक्रारवहीत वर्षानुवर्षं एकच वाक्य होतं: बसायला जागा मिळत नाही. त्यावरून व्यवस्थापनाने सरळ निष्कर्ष काढला आणि ६० जादा खुर्च्यांचा प्रस्ताव तयार केला. ग्रंथपालांनी तो एका सत्रापुरता थांबवून घेतला. या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय बहुधा हाच.

थांबवलेल्या काळात मोजणी झाली. दालनाचा नकाशा कागदावर छापून प्रत्येक खुर्चीला क्रमांक दिला. दोन साधारण आठवडे आणि परीक्षेचा एक आठवडा, दर दोन तासांनी एक फेरी. प्रत्येक खुर्चीपुढे तीनपैकी एक खूण: माणूस, नुसतं सामान, रिकामी. माणूस असेल तर समोर काय आहे तेही, म्हणजे लॅपटॉप, पुस्तक, दोन्ही, की गटाने चर्चा. एका फेरीला पंधरा मिनिटं पुरतात. नावं लिहायची नाहीत, कोणाला काही विचारायचं नाही.

मुलं दारातून आत डोकावून परत फिरत होती त्या वेळी दालनात १४० खुर्च्यांवर सुमारे ८५ माणसं बसलेली होती. चाळीस टक्के खुर्च्यांवर कोणीच नव्हतं आणि तरीही दालन भरलेलं होतं. कारण ३५ पैकी एकही टेबल पूर्ण मोकळं नव्हतं. टेबलाची लांबी १.२ मीटर, एका बाजूला दोघं, म्हणजे माणशी ६० सेंटिमीटर. वही आणि एक पुस्तक असतं तोवर एवढी जागा चालून जाते. लॅपटॉप, उघडं पुस्तक आणि वही शेजारी शेजारी ठेवायची तर ९० सेंटिमीटर लागतात. त्यामुळे दोघं बसले की टेबल भरल्यासारखं होई, तिसरा अवघडत बसे आणि चौथी खुर्ची सॅकची. अशा दालनात ६० खुर्च्या वाढवल्या असत्या तर सॅकची चांगली सोय झाली असती.

मोजणीतून आणखी काही गोष्टी दिसल्या. संध्याकाळी बऱ्याच खुर्च्या भिंतींकडे ओढलेल्या असत, कारण प्लग फक्त भिंतींवर होते. गटाने अभ्यास करणारी मुलं दालनात जवळपास नव्हतीच. ती जिन्यात आणि व्हरांड्यात बसत होती. दालनातल्या खुर्च्या मोजून त्यांची गरज कधीच कळली नसती, म्हणून पुढच्या फेऱ्यांत जिनाही घेतला. ग्रंथालयाच्या ४० संगणकांपैकी एका वेळी दहा-बारा वापरात होते, तरी प्रश्नावलीत मात्र ‘जास्त संगणक हवेत’ हे उत्तर वरच्या क्रमांकांत होतं.

प्रश्नावलीवर विसंबण्यातला धोका हाच. मुलांना यादी दिली की ती यादीतलं निवडतात. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठाच्या ग्रंथालयाने या शतकाच्या पहिल्या दशकात नॅन्सी फ्राइड फॉस्टर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंना सोबत घेऊन विद्यार्थ्यांची निरीक्षणं केली आणि मुलांकडून आदर्श ग्रंथालयाची चित्रं काढून घेतली. इथेही वीसेक मुलांना कोरे कागद दिले गेले. चित्रांत सोफे आणि झाडं भरपूर आली. पण पुन्हा पुन्हा आलेली गोष्ट वेगळी होती: पाठीमागे भिंत किंवा रॅक आणि समोर मोकळी नजर. येणाऱ्याजाणाऱ्यांकडे पाठ करून बसायला कोणालाच नको होतं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय खुर्च्या वाढवण्याचा. तो मोजणीनेच बाद केला.

दुसरा पर्याय कागदावर सर्वांत देखणा होता: पहिल्या मजल्यावरच रुळांवर सरकणारे कॉम्पॅक्ट रॅक बसवायचे. मधल्या वाटा गेल्या की पुस्तकं निम्म्याहून कमी जागेत मावतात. विक्रेत्याने आराखडाही दिला. अडचण स्लॅबची. साध्या दुहेरी रॅकचं पुस्तकांसकट वजन साधारण ४४० किलो धरा. त्याच्या वाट्याला पुढची वाट धरून १.३५ चौरस मीटर जागा येते, म्हणजे चौरस मीटरला सव्वातीनशे किलो. वाटा काढून टाकल्या की तेच वजन अर्ध्या चौरस मीटरवर येतं आणि भार ८८० किलोवर जातो; रूळ आणि चाकांच्या गाड्यांचं वजन वेगळं. पुस्तकांच्या रॅकसाठी मजला आखताना चौरस मीटरला साधारण ७.२ किलोन्यूटन, म्हणजे सव्वासातशे-साडेसातशे किलो भार धरण्याची पद्धत आहे. वाचनकक्षासाठी त्याच्या निम्म्यापेक्षाही कमी, ३ किलोन्यूटनच्या आसपास. स्ट्रक्चरल इंजिनियरने मूळ नकाशे पाहून नकार दिला. शिवाय रॅकचा भाग आणि टेबलांचा भाग यांची अदलाबदलही करता येणार नाही, असं सांगितलं. हे विचारायला सुचलंच नव्हतं, आणि सुरुवातीच्या एका आराखड्यात नेमकी तीच अदलाबदल होती.

तिसरा पर्याय मोठ्या प्रमाणावर पुस्तकं बाद करण्याचा. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या १९७९ च्या गाजलेल्या अभ्यासात १९६९ साली घेतलेल्या पुस्तकांपैकी सुमारे ४० टक्के पुस्तकं पुढच्या सातेक वर्षांत एकदाही घरी नेली गेली नव्हती. हा दाखला बैठकीत दिला गेला आणि प्राध्यापकांनी तो मुळीच मानला नाही. त्यांचं एक म्हणणं रास्त होतं: देवघेवीची नोंद म्हणजे वापराची नोंद नव्हे. ग्रंथालयातच वाचून टेबलावर ठेवलेल्या पुस्तकाची नोंद कुठेच होत नव्हती.

चौथा पर्याय निवडला गेला. कमी वापराची पुस्तकं तळमजल्याच्या मागच्या खोलीत कॉम्पॅक्ट रॅकवर न्यायची. तिथली फरशी थेट जमिनीवर टेकलेली असल्याने भाराचा प्रश्न नव्हता. जास्त वापराची पुस्तकं वरच ठेवायची, पण ऐसपैस. त्यासाठी आधी बांधीव नियतकालिकं हलवणं भाग होतं. ज्यांचे जुने अंक इलेक्ट्रॉनिक रूपात कायमच्या हक्काने मिळालेले होते तेवढ्यांचेच खंड बाहेर काढले. वर्गणी थांबली की अंकही दिसेनासे होणारे संच ठेवून घेतले. हा फरक करारात बघावा लागतो. संकेतस्थळावर अंक दिसतो म्हणून तो आपला असं नसतं.

पुस्तकं निवडणं आणि हलवणं

प्राध्यापकांच्या आक्षेपामुळे एक पूर्ण सत्र थांबून ग्रंथालयातल्या वापराची नोंद झाली. टेबलांवर राहिलेलं प्रत्येक पुस्तक परत लावण्याआधी स्कॅन करायचं. कोहासारख्या ग्रंथालय सॉफ्टवेअरमध्ये हा स्थानिक वापर नोंदवण्याची सोय असते. त्यासाठी ‘पुस्तक स्वतः परत लावू नका’ अशा पाट्या टेबलांवर लागल्या.

खाली नेण्याची कसोटी अशी ठरली: दहा वर्षांत देवघेव नाही आणि त्या सत्रात स्थानिक वापरही नाही. संगणकशास्त्रासारख्या विषयांत कसोटी पाच वर्षांवर आणली. गणित, इतिहास आणि साहित्यात मात्र नुसती कसोटी यंत्रासारखी चालवली नाही, कारण तिथे तीस वर्षांपूर्वीचं पुस्तकही जुनं नसतं. प्रत्येक विभागाला यादी गेली. ‘वरच ठेवा’ अशी खूण करायला तीन आठवडे आणि यादीच्या दहा टक्क्यांची मर्यादा. मर्यादा नसती तर एका विभागाने अख्खी यादी परत पाठवली असती. तसा प्रयत्न झालाही.

शेवटी ३४ हजार पुस्तकं खाली, सुमारे ४ हजार फाटकी किंवा जादा प्रतींची निर्लेखनाला (नोंदीतून बाद करायला) आणि २० हजार वर.

हलवण्याआधी फळीचा हिशेब मांडला. सरासरी एका मीटरला ३० पुस्तकं धरली. वरच्या २० हजारांना ६६७ मीटर लागतात. फळी ७० टक्केच भरायची म्हणून ९५० मीटर. जुनेच रॅक वापरायचे, फक्त सर्वांत खालची फळी रिकामी ठेवायची, म्हणजे बोधांक वाचायला कोणाला जमिनीवर बसावं लागणार नाही. अशा १०६ रॅकमध्ये हे बसतं. उरलेले ९४ रॅक निघाले आणि सुमारे १५० चौरस मीटर जागा मोकळी झाली. कमी उंचीचे नवे रॅक घ्यायची सूचना आली होती. ते सुंदर दिसतात, नजर मोकळी राहते, पण तेवढ्याच पुस्तकांना पाव पट जास्त रॅक लागले असते आणि मिळवलेल्या जागेतला मोठा भाग पुन्हा गेला असता.

मिश्र क्रमातून पुस्तकं वेगळी काढणं हे सरसकट हलवण्यापेक्षा कितीतरी किचकट. क्रम असा ठेवला: एका दिवसाची पुस्तकं आदल्या संध्याकाळी कण्यावर रंगीत ठिपका लावून ठेवायची, सकाळी ट्रॉलीत भरताना स्कॅन करून तालिकेतलं (संगणकावरच्या पुस्तकसूचीतलं) ठिकाण बदलायचं आणि त्याच दिवशी खाली लावायची. तीन फळ्यांच्या दुहेरी ट्रॉलीत साधारण १६० पुस्तकं मावतात, म्हणजे ३४ हजारांना दोनशेहून जास्त खेपा. पहिल्या आठवड्यात तालिका एकदम बदलून टाकली आणि पुस्तकं मागाहून हलवायचं ठरवलं होतं. परिणामी पुस्तक संगणकावर खाली आणि प्रत्यक्षात वर, असा गोंधळ चार दिवस चालला. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयाच्या पाच नियमांपैकी चौथा वाचकाचा वेळ वाचवायला सांगतो. त्या चार दिवसांत बरोबर उलटं झालं.

खालच्या खोलीबाबत दोन अटी पाळल्या गेल्या. सर्वांत खालची फळी जमिनीपासून १५ सेंटिमीटर वर आणि खोलीतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत. ६५ च्या वर ती टिकून राहिली तर बुरशी धरते. छताखालून जाणारा पाण्याचा पाइप मात्र वळवावा लागला. तो पाहणीत सुटला होता, रॅक बसवणाऱ्या कारागिराच्या लक्षात आला.

टेबलं, वीज आणि प्रकाश

नवी टेबलं घेण्याआधी जुन्याच आठ टेबलांवर क्लॅम्प लावून प्लायवूडचे आडोसे बसवले आणि तीन उंची वापरून पाहिल्या. २० सेंटिमीटरचा आडोसा निरुपयोगी, समोरच्याची वही दिसतच राहते. ६० चा आडोसा प्रकाश अडवतो आणि आत बसलेल्याला दालन दिसत नाही. ३५ ते ४० मध्ये समोरच्याची नजर अडते, डोकं वर केलं की दालन दिसतं. मुलांनी आपणहून तीच टेबलं आधी भरली. मग प्रत्येकाला ९० सेंटिमीटर रुंद जागा मिळेल अशी आडोशाची टेबलं घेतली, शक्य तिथे पाठ रॅककडे करून. काही टेबलांखाली ७० सेंटिमीटर उंचीची मोकळी जागा आणि शेजारी दीड मीटर व्यासाचं वळण ठेवलं, म्हणजे चाकाची खुर्ची थेट आत येते. ही टेबलं कोपऱ्यात न लोटता सगळ्यांत मिसळली.

एकूण खुर्च्या १७५ झाल्या. बैठकीत यावरून वाद झाला: इतका खटाटोप करून फक्त ३५ खुर्च्या? खुर्च्यांऐवजी वापरात येणाऱ्या जागा मोजा, हे पटवून द्यायला आठ प्रायोगिक टेबलांची मोजणी उपयोगी पडली. नुसत्या युक्तिवादाने ते झालं नसतं.

विजेत एक नेहमीची चूक टळली आणि दुसरी झाली. टळली ती जमिनीतल्या प्लगच्या डब्यांची. त्यांत फरशी पुसतानाचं पाणी आणि धूळ जाते, म्हणून प्लग टेबलाच्या मागच्या कडेला घेतले. झालेली चूक सर्किटची. लॅपटॉपचा चार्जर ६५ वॅटचा धरला तर १७५ मिळून साडेअकरा किलोवॅटही होत नाहीत, म्हणून थोडीच सर्किटं पुरतील असं वाटलं. पण प्रत्येक चार्जरमधून अर्थिंगकडे किंचित गळती होते. साठ-सत्तर चार्जर एका ३० मिलिअँपिअरच्या गळतीरोधक स्विचवर आले की कोणताही बिघाड नसताना तो पडतो. संध्याकाळी एक अख्खी रांग बंद पडायची. पुढे वीस जागांमागे एक वेगळा स्विच केला.

दिवे रॅकच्या वाटांवर होते. रॅक निघाल्यावर टेबलांवर उजेडाचे पट्टे पडले. रांगा फिरवून टेबलाच्या पृष्ठभागावर ५०० लक्स मिळवले.

आवाज

सगळ्यात मोठा अनपेक्षित परिणाम इथे झाला. दालन उघडल्यावर आठवड्याभरात तक्रार आली की पूर्वीपेक्षा गोंगाट वाढला आहे. मुलं जास्त बोलत होती असं नाही. पुस्तकं गेली होती.

भरलेला रॅक आवाज चांगला शोषतो. ९४ दुहेरी रॅकची पुस्तकांची दर्शनी बाजू सुमारे ३५५ चौरस मीटर. शोषणांक (आदळलेल्या आवाजाचा किती भाग शोषला जातो तो आकडा) ०.३ धरला तरी १०७ एकक शोषण निघून गेलं. दालनाचं घनफळ २,९१६ घनमीटर. आवाज विरायला लागणारा वेळ काढायच्या साबिनच्या सूत्राने ते ०.१६१ ने गुणून एकूण शोषणाने भागायचं. आधीचं शोषण ३३० च्या आसपास धरलं तर आवाज विरायला १.४ सेकंद लागत होते, आता २.१. अशा दालनात खुर्ची सरकल्याचा आवाजही लांबतो, आणि आवाज वाढला की माणूस नकळत स्वतःही मोठ्याने बोलतो. कुजबुज चालेल अशा दालनाला ०.९ सेकंदाच्या आसपास वेळ हवी. त्यासाठी सुमारे ५२० एकक शोषण लागतं, म्हणजे आणखी ३०० एकक.

थर्माकोल किंवा अंड्यांचे ट्रे लावायची सूचना अपेक्षेप्रमाणे आली. दोन्ही जवळपास काही शोषत नाहीत आणि थर्माकोल पेटतो. शेवटी खनिज तंतूंची पॅनेल छताखाली १० सेंटिमीटर पोकळी ठेवून बसवली. पोकळीमुळे खालच्या पट्टीतला आवाजही शोषला जातो. ३५० चौरस मीटर, म्हणजे छताचा निम्म्याहून थोडा जास्त भाग. धूर शोधक यंत्रांभोवतीची जागा सोडली. यासाठी दालन पुन्हा रिकामं करून परांची बांधावी लागली.

गटचर्चेसाठी तळमजल्यावर चार ते सहा जणांच्या चार खोल्या केल्या. काचेच्या भिंती खोट्या छतापाशी न थांबवता थेट स्लॅबपर्यंत नेल्या. तसं केलं नाही तर आवाज छतावरून शेजारच्या खोलीत उतरतो. दोन तासांचं आरक्षण, पंधरा मिनिटांत कोणी आलं नाही तर खोली मोकळी. जिन्याच्या तोंडाशी दार बसवलं, कारण खालची चर्चा जिन्यातून वर येत होती.

निष्पत्ती

पुढच्या वर्षी त्याच आठवड्यांत तशाच फेऱ्या झाल्या. गर्दीच्या वेळी १७५ पैकी १४८ जागांवर माणसं होती; आधी १४० पैकी ८५. दारातून परत फिरणं परीक्षेच्या आठवड्यापुरतं उरलं. जिना मोकळा झाला. संगणक ४० वरून १२ केले, त्याबद्दल एकही तक्रार आली नाही.

सामान ठेवून जागा अडवणं कमी झालं नाही. कर्मचारी आता रिकाम्या जागेवर वेळ लिहिलेली चिठ्ठी ठेवतात; अर्ध्या तासानंतर सामान देवघेवीच्या टेबलाशी जातं. भांडणं होतात, पण नियम सगळ्यांना एकच आहे.

खाली गेलेल्या पुस्तकांपैकी ज्याला वर्षात दोनदा मागणी आली ते पुन्हा वर येतं. इतिहासाची पुस्तकं अपेक्षेपेक्षा जास्त परत आली. फळीवर हिंडताना शेजारचं पुस्तक सापडण्याची सोय मात्र खालच्या ३४ हजारांपुरती कमी झाली. कॉम्पॅक्ट रॅकमध्ये एका वेळी एकच वाट उघडते, मागे कोणी ताटकळत असेल तर निवांत चाळणं होत नाही. हे नुकसान कोणत्याही मोजणीत दिसत नाही, म्हणून ते झालंच नाही असं धरू नये.

वेगळं काय करता आलं असतं

छताची पॅनेल टेबलांच्या आधी बसवायला हवी होती. आवाजाचा हिशेब वहीच्या एका पानाचा आहे आणि रॅक किती निघणार हे महिनाभर आधी माहीत होतं. पुस्तकांकडे सगळ्यांनी फक्त जागा अडवणारी वस्तू म्हणून पाहिलं, आवाज शोषणारी म्हणून नाही.

स्ट्रक्चरल इंजिनियरला पहिल्या आराखड्याआधी बोलवायला हवं होतं. विक्रेत्यांशी झालेल्या बैठका त्यामुळे वाचल्या असत्या.

परीक्षेच्या एका आठवड्याची मोजणी कमी पडली. कोणत्या विभागाची परीक्षा केव्हा यावर गर्दी अवलंबून असते; दोन वेगवेगळे आठवडे घेतले असते तर दुसऱ्या मजल्याचाही विचार याच टप्प्यात झाला असता.

आणि वाढीचा प्रश्न पुढे ढकलला गेला आहे. ग्रंथालयात वर्षाला १,२०० पुस्तकं येतात, म्हणजे ४० मीटर. वरच्या फळ्या ८५ टक्क्यांपर्यंत भरायला १४० मीटर शिल्लक आहेत, साडेतीन वर्षं पुरतील एवढे. त्याआधी दरवर्षी तितकीच पुस्तकं खाली गेली पाहिजेत. खालचे कॉम्पॅक्ट रॅक पहिल्याच दिवशी ८५ टक्के भरलेले होते. खाली कोणती पुस्तकं न्यायची आणि तिथून कोणती बाद करायची, हा वार्षिक आढावा कोणी घ्यायचा हे अजून ठरलेलं नाही.